जमिनीखालची पेट्रोलची टाकी गळाली तेव्हा: पेनसिल्व्हेनियाच्या विमा निधीतून साफसफाई करून घेण्याचा माझा अनुभव

आमच्या गॅस स्टेशनवर ८,५०० गॅलनचा टँकर रिकामा झाला की त्या पेट्रोलवर ९३ डॉलर ५० सेंट वेगळे जातात. गॅलनमागे १.१ सेंट. डिझेलचा हिशेब निराळा, तो टाकीच्या आकारावर: वर्षाला गॅलनमागे ८.२५ सेंट, म्हणजे ६,००० गॅलनच्या टाकीला ४९५ डॉलर. हा पैसा पेनसिल्व्हेनिया राज्याच्या ‘अंडरग्राउंड स्टोरेज टँक इंडेम्निफिकेशन फंड’कडे जमा होतो. बोलताना सगळे त्याला ‘यूस्टिफ’ म्हणतात. जमिनीखालची टाकी किंवा तिची पाइपलाइन गळाली, तर माती आणि भूजल साफ करण्याचा खर्च हा निधी देतो. एका टाकीच्या एका गळतीला १५ लाख डॉलरपर्यंत, आणि त्यातले पहिले ५,००० डॉलर मालकाचे.

अशा एका दाव्यातून मी पहिल्या अलार्मपासून शेवटच्या मंजुरीपत्रापर्यंत गेलो. पाच वर्षे लागली. त्या पाच वर्षांत काय काय करावे लागले, कुठे अडले आणि का अडले, हे नव्याने स्टेशन घेणाऱ्या आपल्या लोकांना उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितो आहे.

महाराष्ट्रातले पेट्रोल पंप पाहिलेल्यांनी एक फरक आधीच लक्षात घ्यावा. तिकडे बहुतेक पंपांवर टाक्या ऑइल कंपनीच्या असतात आणि डीलर पंप चालवतो. इथे पंपांवरच्या छतावर, कॅनपीवर, कुठल्याही ब्रँडचे नाव असो, टाकी ज्याच्या मालकीची, साफसफाईची जबाबदारी त्याची. १९८४ साली अमेरिकी काँग्रेसने जमिनीखालच्या टाक्यांसाठी कायदा केला, १९८८ साली केंद्र सरकारच्या पर्यावरण संस्थेचे (ईपीए) नियम आले, आणि त्यात किरकोळ पेट्रोल विकणाऱ्या प्रत्येक मालकाला एका गळतीमागे १० लाख डॉलरची आर्थिक हमी दाखवणे बंधनकारक झाले. त्या काळात जुन्या लोखंडी टाक्यांचा विमा उतरवायला खासगी कंपन्या फारशा तयार नव्हत्या, म्हणून राज्याराज्यांनी स्वतःचे निधी उभे केले. पेनसिल्व्हेनियाचा कायदा १९८९ सालचा, ‘ॲक्ट ३२’. निधी राज्याच्या विमा खात्याखाली चालतो आणि टाक्यांवरची देखरेख राज्याचे पर्यावरण खाते, म्हणजे डीईपी, करते. ही दोन वेगळी दारे आहेत. डीईपीला कळवले म्हणजे यूस्टिफला कळवले असे होत नाही. या एका गैरसमजापायी लोकांचे दावे मुदतीबाहेर जातात.

आता गळतीकडे येतो. आमच्याकडे तीन टाक्या: साधे पेट्रोल १०,००० गॅलन, प्रीमियम ८,००० आणि डिझेल ६,०००. तिन्हींत ऑटोमॅटिक टँक गेज, म्हणजे साठा मोजणारे आणि गळतीची चाचणी घेणारे यंत्र. एका पहाटे साध्या पेट्रोलच्या लाइनची ०.२ गॅलन प्रतितासाची चाचणी नापास झाली आणि यंत्राने टाकीतला पंप स्वतःहून बंद केला. लाइन लीक डिटेक्टर दोन पातळ्यांवर काम करतो, हे इथे समजून घ्यायला हवे. मोठी गळती, म्हणजे तासाला ३ गॅलन, तो लगेच पकडतो. बारीक गळती, ०.२ गॅलनची, महिन्याच्या चाचणीत सापडते. तासाला ०.२ गॅलन ऐकायला किरकोळ वाटते, पण महिनाभर तशीच राहिली तर १४४ गॅलन जमिनीत जातात. पेट्रोलमधल्या बेंझिन या विषारी द्रव्याची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. त्या मापाने १४४ गॅलन पेट्रोल किती पाणी नासवते याचा विचार करा.

रोजच्या डिप, म्हणजे काठी बुडवून केलेल्या मोजणीच्या, आणि विक्रीच्या ताळ्यात ही गळती दिसली असती का? नाही. साठ्याच्या हिशेबाला नियमाने दिलेली सूट आहे महिन्याच्या विक्रीच्या १ टक्का अधिक १३० गॅलन. महिन्याला ६०,००० गॅलन विकणाऱ्या स्टेशनला ७३० गॅलनचा फरक ‘पास’ ठरतो. म्हणून ताळा जुळतो या समाधानावर राहू नये. तरीही डिप सोडू नका. डिपच्या काठीला लावलेली पाणी शोधणारी पेस्ट सोनेरीवरून लाल झाली म्हणजे टाकीत पाणी शिरते आहे, आणि पाणी आत येते तिथून पेट्रोल बाहेरही जाऊ शकते. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला मात्र त्यासाठीचीच पेस्ट घ्या. इथेनॉल पाणी धरून ठेवतो, साध्या पेस्टला ते कळत नाही.

टाकीवरचे झाकण उघडल्यावर गळतीची जागा सापडली. पंपाच्या तोंडाशी फायबरग्लासची कुंडी असते, तिला सम्प म्हणतात. तिच्यातली लवचिक जोडनळी, फ्लेक्स कनेक्टर, कॉलरजवळ चिरली होती. कुंडी असतेच मुळी असे गळके पेट्रोल अडवायला. पण पाइप कुंडीच्या भिंतीतून जिथे बाहेर जातो तिथले रबरी बूट, म्हणजे पाइपभोवतीचे सील, फुगून तडकले होते आणि पेट्रोल तिथून बाहेरच्या खडीत उतरत होते. कुंडीतला सेन्सर का वाजला नाही? पावसाचे पाणी साचून वारंवार अलार्म येतो म्हणून एका सर्व्हिसवाल्याने तो तळापासून नऊ इंच वर बांधून ठेवला होता. सेन्सरची जागा तळाशी, उभा, आणि सगळ्यात खालच्या पाइपच्या खाली. महिन्याच्या पाहणीत झाकण उचलून तो हाताने हलवून बघावा. बूटवर बोट फिरवावे: नवे रबर घट्ट आणि गुळगुळीत लागते, पेट्रोलची वाफ खाल्लेले रबर मऊ, चिकट आणि कडेला भेगाळलेले लागते. नवा बूट बसवण्याचे काम एका दिवसाचे आहे.

आमचे एक पाऊल योग्य पडले आणि पुढे फार कामी आले. मेकॅनिक चिरलेली नळी कचऱ्यात टाकणार होता. ती आम्ही ठेवून घेतली, जागेवर असतानाचे आणि काढल्यानंतरचे फोटो काढले, पिशवीवर तारीख, टाकीचा क्रमांक आणि काढणाऱ्याचे नाव लिहिले. निधीच्या तपासनिसाचा पहिला प्रश्न असतो ‘नेमके काय गळाले, आणि कधीपासून?’ त्याचे उत्तर त्या पिशवीत होते.

आता मुदती. गळती नक्की झाली की २४ तासांत डीईपीच्या विभागीय कार्यालयाला कळवायचे. पंधरा दिवसांत लेखी, आणि त्याची प्रत स्थानिक म्युनिसिपालिटीलाही. यूस्टिफला ६० दिवसांत. हे ६० दिवस कुठून मोजायचे यावर नीट विचार करा. प्रयोगशाळेचा अहवाल हातात पडतो ती तारीख धरण्याचा मोह होतो. आमच्या बाबतीत कुंडीबाहेरच्या खडीत पेट्रोल डोळ्यांना दिसले तो दिवस अहवालाच्या आधी अकरा दिवसांचा होता, आणि आम्ही तोच धरला. सर्वात आधीची तारीख धरावी, म्हणजे वादाला जागा राहत नाही. दुसरा फसवा प्रकार स्टेशन विकताना होतो. खरेदीदाराच्या बँकेने माती-पाण्याची तपासणी करवली, तिच्यात बेंझिन सापडले, अहवाल मालकाच्या फाइलमध्ये पडला आणि व्यवहार फिसकटला म्हणून कोणी तो पुन्हा उघडला नाही. पण तो अहवाल हातात आला त्या दिवसापासून मालकाला गळती माहीत आहे असेच धरले जाते.

फोनवर दावा नोंदवला की क्रमांक मिळतो आणि कागदांची मागणी येते. डीईपीचे टाकी-नोंदणी प्रमाणपत्र, निधीची फी भरल्याचे पुरावे, टँक गेजच्या निदान बारा महिन्यांच्या चाचणी-नोंदी, लाइन लीक डिटेक्टरच्या वार्षिक चाचण्या, जागेचे खरेदीखत किंवा भाडेकरार, दुरुस्तीची बिले, डीईपीला दिलेल्या सूचनेची प्रत. यातली फी सगळ्यात नाजूक. गळतीच्या वेळी फी थकलेली असेल तर बाकीचे कागद कितीही चोख असले तरी पात्रता अडते. फी पुरवठादारामार्फत जात असेल तर ती पुढे खरोखर पोहोचली का, आणि कोणत्या टाकीच्या नावे जमा झाली, हे वर्षातून एकदा निधीच्या खात्यावर तपासा. स्टेशनचा मालक बदलतो तेव्हा नोंदणी नव्या नावावर आणि फीचे खाते जुन्या नावावर असे हमखास घडते.

टँक गेजच्या नोंदींबद्दलही सांगतो. थर्मल कागदावरची छपाई गाडीत किंवा खिडकीत ठेवली की काळी पडते किंवा पुसट होते. दर महिन्याला पट्टी निघाली की मोबाइलने फोटो काढून तारखेच्या फोल्डरमध्ये टाकावा. शिवाय चोवीस तास चालणाऱ्या स्टेशनवर स्थिर चाचणीला लागणारा निवांत वेळ टाकीला मिळतच नाही, त्यामुळे ‘पास’ची पट्टी महिनोन्‌महिने निघत नाही आणि कोणाच्या लक्षात येत नाही. अशा ठिकाणी विक्रीच्या मधल्या फटींतून माहिती गोळा करणारी सलग चाचणी-प्रणाली यंत्रात चालू करून घ्यावी लागते.

पात्रतेत दुसरी मोठी अडचण जुन्या प्रदूषणाची. निधीचे संरक्षण १ फेब्रुवारी १९९४ पासून पुढे झालेल्या गळतीला आहे. जागेवर त्याआधीचे, किंवा विमा नसलेल्या टाकीचे प्रदूषण मिसळलेले असेल तर निधी खर्चाचा वाटा पाडतो. मग तेवढ्या टक्क्यांचे पैसे मालकाने द्यायचे. आमच्या जागेवर १९९१ साली जुन्या टाक्या काढल्याची नोंद डीईपीच्या फाइलमध्ये होती, त्यामुळे हा प्रश्न येणारच होता. याचे उत्तर रसायनशास्त्रात मिळते. शिसेवाल्या पेट्रोलमध्ये शिसे इंजिनात साचू नये म्हणून ईडीबी आणि ईडीसी ही दोन रसायने घालत असत. रस्त्यावरच्या वाहनांसाठी शिसेवाले पेट्रोल १९९६ सालापासून पूर्ण बंद झाले, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून त्याचा खप उतरत गेला होता. एमटीबीई हे पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे द्रव्य २००६ सालाच्या सुमारास इथल्या पेट्रोलमधून गेले. म्हणून पाण्याच्या पहिल्याच फेरीत नेहमीच्या यादीबरोबर ईडीबी, ईडीसी आणि विरघळलेले शिसे यांच्याही चाचण्या करून घ्याव्यात. आमच्या पाण्यात बेंझिन भरपूर, एमटीबीई मर्यादेच्या, म्हणजे लिटरला २० मायक्रोग्रॅमच्या, खूप खाली, आणि ईडीबी-ईडीसी नाहीच. ताज्या गळतीची ही सही आहे. चिरलेली नळी आणि हा अहवाल या दोन गोष्टींवर दावा पूर्ण टक्क्यांनी मान्य झाला. कुठलीही टाकी बदलायची असेल तेव्हा तळाचे मातीचे नमुने आणि त्यांचे अहवाल जपून ठेवण्याचे महत्त्वही इथेच आहे: ‘त्या वर्षी ही जागा स्वच्छ होती’ हे दाखवणारा दुसरा पुरावा नसतो.

५,००० डॉलर हे टाकीमागे आहेत. एकच लाइन गळाली हे सिद्ध झाल्याने आमचा वाटा तेवढ्यावर थांबला. दोन टाक्या गुंतल्या असत्या तर १०,००० झाले असते. आणि नवी नळी, नवे बूट, नवी टाकी, बंद काळातला बुडालेला धंदा, यातले काहीही निधी देत नाही. निधी माती आणि पाण्यासाठी आहे, यंत्रसामग्रीसाठी नाही. हे पैसे बाजूला धरूनच हिशेब करावा.

तातडीची कामे मंजुरीसाठी थांबवायची नसतात. व्हॅक्यूम ट्रक बोलावून खडीतले पेट्रोलमिश्रित पाणी उपसणे, गळकी लाइन बंद करणे, शेजारच्या तळघरात वाफ जाते का ते मोजणे ही कामे त्याच आठवड्यात झाली. त्यांच्या बिलावर ट्रक आल्या-गेल्याची वेळ, उपसलेले गॅलन आणि विल्हेवाटीच्या जागेची पावती हवीच. मात्र आणीबाणी संपल्यावर पुढचे प्रत्येक काम आधी मंजूर करून घ्यावे. निधीची कसोटी कायद्यातल्या दोन शब्दांत आहे: वाजवी आणि आवश्यक. काम झाल्यावर ते आवश्यक होते हे पटवणे फार जड जाते.

त्यानंतर जागेचा सविस्तर अभ्यास. गळती कळवल्यापासून १८० दिवसांत अहवाल डीईपीकडे जायला हवा. सहा महिने भरपूर वाटतात, पण आमचे त्यातले दोन महिने परवानग्यांतच गेले. प्रदूषण कुठवर गेले ते दाखवायला आपल्या हद्दीबाहेर निरीक्षण-विहिरी खोदाव्या लागतात. शेजाऱ्याची लेखी संमती हवी, राज्यमार्गाच्या कडेला खोदायचे तर परिवहन खात्याचा परवाना हवा. शेजाऱ्याकडे पहिल्याच आठवड्यात स्वतः जावे, अभ्यास करणाऱ्या कन्सल्टंटचे पत्र पुढे करू नये. त्याच्या मनातला प्रश्न साधा असतो, ‘माझे पाणी खराब झाले का?’ त्याच्या विहिरीचा नमुना आधी घेऊन दिला आणि निकाल त्याच्या हातात ठेवला, मग संमतीला अडचण आली नाही. खोदाईच्या आधी निदान तीन कामकाजाचे दिवस ८११ ला फोन करून गॅस-विजेच्या लाइन आखून घ्यायच्या. स्टेशनच्या आतल्या आपल्या लाइन मात्र ते आखत नाहीत, तो नकाशा आपल्याकडेच हवा.

विहिरींच्या बांधणीत एक चूक फार महागात पडते. विहिरीच्या नळीचा जाळीचा भाग, ज्यातून पाणी आत येते, पाण्याच्या पातळीच्या वर-खाली दोन्हीकडे यायला हवा. पेट्रोल पाण्यावर तरंगते. जाळी पूर्ण बुडालेली असेल तर वरचा पेट्रोलचा थर विहिरीत येतच नाही, मोजणीत शून्य दिसतो, आणि वर्षभराने दुष्काळात पातळी उतरली की अचानक अर्धा फूट पेट्रोल हाती लागते. आमच्याकडे पाणी सरासरी १८ फुटांवर. आठपैकी एका विहिरीत जाळी २० फुटांपासून सुरू केली होती. ती विहीर पुन्हा खोदावी लागली आणि तो खर्च खोदणाऱ्याने सोसला, कारण मंजूर नकाशात जाळीची खोली लिहिलेली होती. तुमच्या कन्सल्टंटच्या प्रस्तावात ती लिहिलेली आहे का, ते बघा.

नमुने घेताना मी प्रत्येक वेळी उभा राहिलो. ४० मिलिलिटरच्या काचेच्या बाटल्या, त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल, पाणी काठोकाठ, झाकण लावून उलटी करून बोटाने टिचकी मारायची. बुडबुडा दिसला तर बाटली बाद, कारण बेंझिन उडून त्या हवेत जाते. आमचा भाग मध्य पेनसिल्व्हेनियाचा, मातीखाली चुनखडक. अशा पाण्यात आम्लाशी गाठ पडताच फसफस होते आणि बुडबुडे थांबतच नाहीत. त्यावर उपाय म्हणजे आम्लाविना बाटल्या, पण मग प्रयोगशाळेने १४ ऐवजी ७ दिवसांत तपासणी करायला हवी. हे आधी सांगितले नाही तर नमुने मुदतीबाहेर जातात आणि पूर्ण फेरी वाया.

अहवाल मान्य झाल्यावर साफसफाईच्या कामाची निविदा निघाली. मोठ्या कामांसाठी यूस्टिफ निविदा मागवते. किमतीबरोबर तांत्रिक बाजूही तपासली जाते, आणि योग्य ठरलेल्यांतून निवड मालक करतो. निविदा टप्प्याटप्प्याच्या ठरीव किमतीवर होती: यंत्रणेची उभारणी एक रक्कम, तिमाही चालवणे एक रक्कम, अहवाल एक रक्कम. मी सगळ्यात स्वस्त निविदा घेतली नाही. तिच्यात यंत्रणा बारा महिने चालेल असे गृहीत धरले होते आणि तेराव्या महिन्याचा दरच दिला नव्हता. ज्या निविदेत अठरा महिने आणि त्यापुढच्या प्रत्येक तिमाहीचा दर लिहिला होता, ती घेतली. यंत्रणा शेवटी वीस महिने चालली.

चिकणमातीमुळे पद्धत निवडली ती निर्वात ओढणीची, डुअल फेज एक्स्ट्रॅक्शन: जोरदार पंपाने विहिरींतून वाफ आणि पाणी एकत्र ओढायचे, पाणी स्वच्छ करून परवान्यानुसार सोडायचे, वाफ कार्बनमधून गाळायची. बंद पडण्याची कारणे ठरलेली होती. जानेवारीत ओलसर वाफेच्या नळ्या गोठल्या, म्हणून उष्णतातार आणि आवरण लागले. चुनखडकाच्या पाण्याने स्ट्रिपरच्या, म्हणजे पाण्यात हवा सोडून बेंझिन काढणाऱ्या यंत्राच्या, थाळ्यांवर क्षाराचा पांढरा थर दर सहा आठवड्यांनी जमायचा, आणि थर जमला की बेंझिन पाण्यातून नीट सुटत नाही. निविदेत आम्लाने धुलाईचा खर्च धरलेला होता म्हणून तो प्रश्न कागदावर वाढला नाही. कार्बनचे दोन डबे एकामागे एक असतात. पहिल्यानंतरच्या नळीत वाफ दिसू लागली की दुसरा पुढे आणायचा आणि पहिला बदलायचा.

बिलांत कापाकापी झाली ती अशा ठिकाणी: विसरलेले साहित्य आणायला मारलेली दुसरी खेप, कामाच्या नोंदवहीत नसलेले तास, उपकंत्राटदाराच्या मूळ बिलाविना लावलेली रक्कम, वजनपावतीविना मातीची विल्हेवाट. प्रत्येक बिल निधीकडे जाण्याआधी मी नोंदवहीशी ताडून पाहत असे. निधीचा पैसा माझ्या खिशातला नाही म्हणून सही करून टाकणे मला कधी पटले नाही. मिशिगन राज्याचा असाच निधी १९९५ साली देणी भागवू शकला नाही आणि त्याने दावे घेणे बंद केले. ज्या मालकांनी वर्षानुवर्षे फी भरली होती त्यांच्या हाती काही उरले नाही. टेक्सासचा परतफेडीचा कार्यक्रम २०१२ साली संपला. पेनसिल्व्हेनियाच्या निधीतूनही २००२ साली राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीला १० कोटी डॉलर कर्जाऊ दिले गेले. असा निधी आज येणाऱ्या फीवर उद्याची गळती भागवत असतो, आणि आज नोंदलेला दावा पुढची पाच-दहा वर्षे खर्च मागत राहतो. तपासनीस बिल ओळ ओळ वाचतो ते योग्यच आहे.

यंत्रणा बंद केल्यावर आठ तिमाही नमुने. हा काळ सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत निर्णायक. बंद झाल्यावर आकडे पुन्हा चढतात, कारण मातीच्या बारीक फटींत अडकलेले पेट्रोल वसंतात पाणी वर आले की परत विरघळते. राज्याच्या ‘ॲक्ट २’ या साफसफाईच्या कायद्याच्या मानकात यासाठी मोजकी सवलत आहे: प्रत्येक विहिरीतले ७५ टक्के नमुने मर्यादेत हवेत, आणि उरलेल्यांपैकी एकही आपल्या हद्दीत मर्यादेच्या दहापट, हद्दीबाहेर दुपटीच्या वर नको. आठांपैकी सहा नमुन्यांत बेंझिन ५ च्या आत, उरलेले दोन आत ५० पर्यंत, बाहेर १० पर्यंत. पंपाजवळच्या विहिरीत तिसऱ्या तिमाहीत, एप्रिलमध्ये, ७ आले आणि सातव्यात ६. दोन्ही चालले. तिसरा नमुना वर गेला असता तर मोजणी लांबली असती. एकही तिमाही चुकवू नका. बर्फाखाली विहिरीचे झाकण सापडत नाही हे कारण चालत नाही. आम्ही प्रत्येक विहिरीचे दोन पक्क्या खांबांपासूनचे अंतर टेपने मोजून दाराला नकाशा लावून ठेवला होता.

त्याच काळात दुकानाच्या इमारतीखालच्या वाफेचाही प्रश्न सुटायला हवा. प्रदूषित माती किंवा पाणी इमारतीपासून ३० फुटांच्या आत असेल तर तपासणी टळत नाही. आम्ही फरशीला भोक पाडून खालच्या हवेचे नमुने दोन ऋतूंत घेतले. फरशीखाली बेंझिन मर्यादेत निघाले.

निवासी मानक, म्हणजे घरे बांधण्याजोग्या जागेसाठीची मर्यादा, गाठल्यामुळे जागेच्या खरेदीखतावर २००७ सालच्या कायद्याखालचा पर्यावरणविषयक निर्बंध नोंदवावा लागला नाही. थोडे आधी थांबून निर्बंध स्वीकारण्याचा मार्ग होता आणि तो लवकर संपला असता. पण मग पुढच्या प्रत्येक खरेदीदाराच्या वकिलाला आणि बँकेला तो कागद दिसला असता, आणि त्या जागेवर विहीर खोदण्याची कायमची बंदी राहिली असती. शेजाऱ्याच्या घरी अजून विहिरीचेच पाणी आहे.

डीईपीचे अंतिम अहवाल मान्य केल्याचे पत्र आल्यावर विहिरी बुजवायच्या. नळीत तळापासून वरपर्यंत बेंटोनाइट आणि सिमेंटची खीर भरतात, वरचे लोखंडी झाकण काढून डांबर घालतात. हे काम शेवटच्या मंजूर टप्प्यात आहे ना, हे आधीच पाहा, नाहीतर दावा बंद होतो आणि आठ विहिरी आपल्या खर्चाने बुजवाव्या लागतात. आमच्या फाइलमधले शेवटचे बिल तेच आहे: आठ विहिरी, एकूण २६४ फूट. चिरलेली नळी अजून पिशवीत, त्याच कपाटात आहे.